चौथा हिसका

आचाऱ्याचा एक नियम होता. शिखराकडे निघताना प्रत्येकाने आपले रोजचे बूट स्वयंपाकाच्या तंबूत काढून ठेवायचे आणि खाली लोखंडी काटे बसवलेले जाड बूट चढवायचे. मग आचारी दिवसभर तंबूच्या तोंडाशी रॉकेलच्या डब्यावर बसून दुर्बीण डोळ्याला लावायचा. परतणारी मंडळी खालच्या बर्फाच्या उतारावर दिसली की जाकिटांच्या रंगांवरून ओळखून मोजायची, आणि जेवढी माणसं तेवढे बूट स्टोव्हजवळ आणून ठेवायचे. बधिर पायांना ते गरम बूट मिळाले की लोक एकवेळ शिखर विसरत, आचाऱ्याला विसरत नसत. एकवीस हंगामांत त्याची मोजणी कधी चुकली नव्हती. सूपमधलं मीठ रोज चुकायचं, पण त्याला दुर्बीण लावायची पद्धत नव्हती.

वाटाड्याचे नियम वेगळे. हा सरळ, रोखठोक माणूस. भुताखेतांवर त्याचा विश्वास नव्हता आणि हवामान खात्यावर तर त्याहून नव्हता. एका दोराला माणसं बांधली की प्रत्येकाच्या कमरेची गाठ तो स्वतः ओढून बघायचा, गिऱ्हाईक दोन पावलं पुढे कोलमडेपर्यंत. वर वारा सुटला की तोंडातला शब्द तोंडातच राहतो, म्हणून तो दोरानेच बोलायचा. पुढून दोन हिसके, म्हणजे ‘सगळे आहात ना?’ ते एकेकाने मागच्याकडे पोचवायचे. शेवटच्याने तीन द्यायचे, म्हणजे ‘आहोत’. ते तसेच पुढे यायचे. धुक्यात माणूस दिसला नाही तरी चालतो, दोर बोलता पाहिजे, असं तो सगळ्यांना पहिल्याच दिवशी सांगून टाकायचा.

त्या हंगामात त्याच्या गिऱ्हाइकांत बँकेत नोकरी करणाऱ्या एक बाई होत्या, एक दंतवैद्य होता आणि त्याचे दाजी होते. थोरल्या बहिणीचे यजमान. दाजी गाडी चालवायला शिकवायचे. तीस वर्षं शिकाऊ लोकांच्या शेजारी बसून पायाखालचा जादा ब्रेक दाबत आलेला माणूस, त्यामुळे जगात आपल्याखेरीज कुणाला काही येत नाही असं त्यांचं मत झालं होतं. डावा गुडघा कुरकुरत होता, शस्त्रक्रियेची तारीख ठरली होती. त्याआधी एकदा हा मेहुणा ज्याच्या एवढ्या बढाया मारतो ते शिखर बघायचंच, म्हणून हट्टाने निघाले. ताईने पिशवी भरून दिली. फाटकाशी येऊन ती धाकट्या भावाला एवढंच म्हणाली, “शिखर राहिलं तरी चालेल. माणूस घेऊन ये.”

सरावाच्या दिवशी वाटाड्याने चारचौघांसमोर दाजींची गाठ सोडली आणि पुन्हा मारली. झालं. दाजी तेव्हा हसले, पण रात्री सूपला हात लावला नाही. बँकेतल्या बाईंना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले, “माझ्याकडे गाडी शिकताना याने दोनदा कंपाउंडची भिंत पाडली. मी बोललो होतो का कुठे?” बाई हसल्या, दंतवैद्य हसला, वाटाड्याही हसला. पण बहिणीचा नवरा रुसलाय ही गोष्ट कुठल्याही उंचीवर तेवढीच जड असते.

म्हणून शिखराच्या पहाटे त्याने बाईंची गाठ ओढली, दंतवैद्याची ओढली, आणि दाजींच्या गाठीवरून नुसती नजर फिरवली. बाजाराच्या पिशवीचं तोंड आवळावं तशी होती ती. एकावर एक दोन फेरे, वर बुटाच्या नाडीसारखा फास. एरवी अशी गाठ त्याने दातांनी सोडवली असती. पण दाजी त्याच्याकडेच बघत होते, हनुवटी वर करून. धरेल, असं तो मनाशी म्हणाला, आणि पुढे झाला.

वाटाड्याचा मदतनीस एका आजारी गिऱ्हाइकाला घेऊन दोन दिवसांपूर्वीच खाली गेला होता. दोराच्या शेवटी कुणीतरी थंड डोक्याचं हवं होतं. दाजी म्हणाले, मागच्या आरशात बघत आयुष्य गेलं, मागची बाजू माझी. पुढे वाटाड्या, मग बाई, मग दंतवैद्य, शेवटी दाजी, अशी चौघांची माळ निघाली.

चढताना हवा काचेसारखी होती. वाटाड्याने पहिले दोन हिसके दिले. मागून एक, दोन, तीन आले, आणि थोडं थांबून चौथा. काही अडलंय की काय म्हणून तो थांबला. मागून दाजींचा आवाज वाऱ्यावर तुटत आला. “तीन सगळ्यांचे. चौथा साल्याचा.” मग दर वेळी तेच. तीन, आणि जरा दम खाऊन चौथा, कमरेला चिमटा काढल्यासारखा. वाटाड्याने आधी कपाळाला आठ्या घातल्या. नंतर तो त्या चौथ्याची वाट बघायला लागला. रुसवा गेला होता म्हणजे.

दहाच्या सुमाराला शिखर झालं. फोटो झाले. उतरायला लागले आणि धारेवर धुकं आलं.

उतरताना खरं तर वाटाड्या शेवटी असतो, म्हणजे कुणी घसरलं तर वरून धरता येतं. पण पुढचं पाऊल कुठे टाकायचं तेच दिसत नव्हतं, आणि वाट त्यालाच माहीत होती. तो पुढेच राहिला. दाजी मागेच राहिले. डाव्या हाताला काळा खडक होता. उजवीकडे वाऱ्याने बर्फाचा सज्जा बाहेर काढला होता. वरून दिसायला जमीन, खाली काही नाही. डावीकडे राहा, डावीकडे राहा, असं तो दर पाच पावलांनी ओरडत होता आणि ते फक्त बाईंना ऐकू जात होतं.

उंटाच्या पाठीसारखा एक खडक आहे तिथे. त्याच्या पुढे दहा-बारा पावलं गेल्यावर कमरेचा दोर एकदम ताणला. मग ढिला पडला.

वाटाड्या थांबला. दोन हिसके दिले.

उत्तर यायला वेळ लागला. एवढा की हातमोज्यातल्या बोटांत त्याला स्वतःची नाडी मोजता आली. मग आले. एक, दोन, तीन.

तो चौथ्यासाठी थांबला. चौथा आला नाही.

दमले असतील, त्याला वाटलं. शहाणे झाले एकदाचे. खोटं कशाला, त्याला हायसंच वाटलं. तिथून खालपर्यंत दर वेळी तीनच हिसके आले. घड्याळाच्या ठोक्यांसारखे, सारख्या अंतराने, सारख्या जोराचे.

खालच्या उतारावर धुकं विरलं. त्याने मागे वळून मोजलं. तीन माणसं. आपण धरून चार. शेवटचं जाकीट दाजींचं, विटकरी.

तंबूत स्टोव्हजवळ बुटांचे तीन जोड मांडलेले होते.

आचारी दाजींकडे बघत उभा होता. हातातली दुर्बीण खाली ठेवायची त्याला आठवण राहिली नव्हती. “मी तीनच मोजले,” तो म्हणाला. “दोनदा मोजले.” दंतवैद्य म्हणाला, आचारीबुवा, आता चष्म्याचा नंबर काढा. सगळे हसले. आचाऱ्याने कोपऱ्यातून दाजींचे बूट आणले. डाव्या बुटात पुठ्ठ्याची जाड घडी होती, दुखऱ्या पायाच्या सोयीसाठी ताईने कापून घातलेली. दाजी हळू आवाजात म्हणाले, “राहू देत. हेच बरे आहेत.” आणि काट्यांचे बूट त्यांनी काढले नाहीत; रोजचे आचाऱ्याच्या पेटीतच राहिले.

वाटाड्या एकेकाची गाठ सोडत गेला. दाजींच्या कमरेशी त्याचा हात थबकला. गाठ देखणी होती. दोन्ही पदर एकमेकांना समांतर, कुठे पीळ नाही, उरलेलं टोक बरोबर वीतभर. अशी गाठ तो स्वतः मारायचा. शिखरावर आपणच सोडून पुन्हा मारली असणार, असं त्याने ठरवलं. आठवत नव्हतं. पण उंचीवर डोक्याला भोकं पडतात, हे तोच दर हंगामात गिऱ्हाइकांना सांगायचा.

रात्री दाजींनी सूप पूर्ण प्यायलं. मिठाबद्दल एक अक्षर काढलं नाही. आचाऱ्याला ते सगळ्यांत वाईट लक्षण वाटलं, आणि त्याने तसं बोलूनही दाखवलं.

घरी सगळं ठीक चाललं होतं. जरा जास्तच ठीक. गुडघा कुरकुरायचा थांबला. डॉक्टरांनी दोनदा फोटो काढून बघितले आणि शस्त्रक्रिया रद्द केली. शिकाऊ लोक खूश होते, सर आता ओरडत नाहीत म्हणून. एका पोरीने गाडी सरळ दिव्याच्या खांबावर घातली. दाजी शेजारी बसले होते, हात मांडीवर, पाय ब्रेकच्या बाजूला व्यवस्थित जुळवलेले. तिनेच नंतर सांगितलं, सर समोर बघत होते, खांबाकडेच.

वाटाड्या दर रविवारी बहिणीकडे जायचा. दाजी त्याला ‘या, बसा’ म्हणायचे. पूर्वी ते त्याला साध्या नावाने कधी हाक मारत नसत; काहीतरी तिरकं जोडल्याशिवाय त्यांचं तोंड उघडत नसे. एका रविवारी दुपारी ताईने त्याला स्वयंपाकघरात बोलावलं आणि नळ सोडून ठेवला. बादली केव्हाच भरून वाहत होती.

“तू कुणाला आणलंस?” तिने विचारलं.

तो हसला. म्हणाला, ताई, बाहेर पेपर वाचतायत ना ते.

“स्वतःच्या घराचं दार वाजवतात,” ताई म्हणाली. “किल्ली खिशात असते. पूर्वी बेल दाबून धरायचे, शेजारचे बाहेर यायचे. आता टकटक करतात. तीनदा. मी उघडेपर्यंत तसेच उभे. परवा मी मुद्दाम नाही उघडलं. दोन तास उभे होते रे.” तिने हात पदराला पुसले. “आल्यापासून एकदा मला चिडवलं नाही त्यांनी.”

वाटाड्याच्या कमरेला, पट्टा असतो तिथे, गार लागलं. उंटाच्या पाठीसारखा खडक त्याच्या डोळ्यांपुढे आला, तो ताणलेला दोर, आणि न आलेला चौथा. हनुवटी वर करून बघणारे दाजी आले, आणि ती पिशवीची गाठ. त्याने ती ओढली नव्हती. हे त्याने आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. आता सांगितलं.

ताई रडली नाही. नळ बंद केला. “जा,” ती म्हणाली, “आणि त्यांना घेऊन ये.”

बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्राचं पान उलटल्याचा आवाज आला नाही. बराच वेळ आला नव्हता.

पुढचा हंगाम सुरू व्हायच्या आधीच तो आचाऱ्याला घेऊन निघाला. त्याला सांगितलं, जुने दोर तपासायचेत. आचाऱ्याने स्टोव्ह, दुर्बीण आणि बुटांची पेटी तेवढी सोबत घेतली.

त्या दिवशी ढगाचा ठिपका नव्हता. भर दुपारी वाटाड्या उंटाच्या पाठीसारख्या खडकाशी पोचला. दोराचं एक टोक कमरेला बांधून त्याने खडकाला एक वेढा दिला. दुसरं टोक सज्ज्याच्या कडेवरून खाली सोडलं. मोकळं टोक, गाठ नसलेलं. ते त्याने दोनदा बघून घेतलं.

दोर खाली गेला आणि सरळ लोंबत राहिला.

त्याने दोन हिसके दिले.

वारा नव्हता. काही झालं नाही. आपण काय करतोय ते त्याच्या लक्षात आलं आणि त्याला स्वतःचीच लाज वाटली. तरी त्याने पुन्हा दोन दिले.

एक.

दोन.

तीन.

तो श्वास धरून बसला.

चौथा आला. थोडा दम खाऊन, कमरेला चिमटा काढल्यासारखा.

त्याने दोर ओढायला घेतला. वजन अजिबात नव्हतं. हात, हात, हात, आणि टोक वर आलं. टोकाला पिशवीची गाठ होती. एकावर एक दोन फेरे, वर नाडीसारखा फास. दोर ओला होता, आणि फासाचं वेटोळं कमरेएवढं उघडं.

ती गाठ सोडायला त्याचे हात होईनात. ओढून बघायलाही होईनात. त्याने खडकाचा वेढा काढला, पाठ फिरवली आणि उतरायला लागला. दोर मागे सरपटत होता की नाही, हे त्याने बघितलं नाही. पुढच्या माणसाने पुढे बघायचं असतं. फक्त दर पाच पावलांनी तो म्हणत होता, डावीकडे राहा. डावीकडे राहा.

हिसका एकदाही दिला नाही. उत्तर आलं असतं.

ऊन असतानाच तो तंबूत पोचला आणि स्टोव्हसमोर मटकन बसला. आचारी दुर्बीण पुसत होता. स्टोव्हजवळ बुटांचे दोन जोड होते. एक वाटाड्याचा. दुसऱ्याच्या डाव्या बुटात पुठ्ठ्याची घडी होती, आणि उबेने तिचा ओलसर वास सुटला होता.

“दोघं दिसलात,” आचारी म्हणाला. “मागचे जरा लंगडत होते.”

वाटाड्या दाराकडे पाठ करून बसला होता. कमरेचा दोर सोडायला त्याने हात मागे नेला, आणि मग हळूच मान वळवून बघितलं. दोर त्याच्या कमरेपासून निघून तंबूच्या फटीतून बाहेर गेला होता. बाहेर बर्फावर ऊन पडलं होतं, आणि दोर बर्फाला टेकलेला नव्हता.