अंगणातली आई

सकाळी सोसे अंगण झाडायला बाहेर आली आणि हातातला झाडू टाकून किंचाळली. आईच्या थडग्यावरचे पांढरे खडे बाजूला लोटलेले होते. खाली खड्डा होता आणि खड्ड्यात आई नव्हती.

सार्जंट तेउइला पोहोचली तेव्हा अर्धं गाव तिथे गोळा झालं होतं. आमच्या सवाईई बेटावर जमीन कुणाची हे अंगणातलं थडगं सांगतं. सोसेच्या घरावर कोर्टात दावा चालू होता, आणि सोमवारी कोर्टाचे लोक हेच थडगं बघायला येणार होते. ते रिकामं निघालं तर म्हातारपणी सोसेला घराबाहेर पडावं लागणार होतं.

"हा मेला!" सोसेने बोट दाखवलं. "ऑकलंडहून आलाय, म्हणे पूर्वज शोधायला! माझ्या आईचा पणतू म्हणवतो आणि घरावर दावा लावतो. अरे, माझ्या आईला मी एकटी!"

याकोपो चाळिशीचा, डोक्यावर गॉगल चढवलेला. त्याचा चेहरा उतरला होता. "मी कशाला नेईन? माझी पणजी आहे ती. तुमचा एक भाऊ लहानपणी न्यूझीलंडला गेला, तो माझा आजोबा."

"पुन्हा तेच! कोण सांगतं तुला?"

"तुसिपा. सगळी वंशावळ तोंडपाठ आहे त्यांना."

तुसिपा गावाचा वक्ता. सभेत काठी टेकून उभा राहिला की कुणाचे आजे-पणजे कोण, हे धडाधड म्हणून दाखवणारा. त्याच्यापुढे बोलायची गावात कुणाची छाती नव्हती.

तेउइला खड्ड्याशी वाकली. चोऱ्यामाऱ्या तिने पुष्कळ पाहिल्या होत्या. मेलेल्या बाईला उचलून नेणारा नीच माणूस पहिलाच. काठावर मुंग्या लागल्या होत्या. तिने एक तेलकट पान उचलून याकोपोच्या नाकाशी धरलं.

"कसलं तेल?"

"मालिशचं?"

लोक हसले. हाडं हलवायची तर आधी सुगंधी खोबरेल चोळायचं, नाहीतर मेलेलं माणूस पाठीस लागतं, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक.

तिने सोसेला घरात नेलं. "मावशी, कोर्टाआधी रक्ताच्या नात्याची तपासणी करायचं ठरलं होतं ना?"

"झाली की! त्याने आणि मी नळीत थुंकून दिलं, त्याने पाठवून दिलं. माझ्या थुंकीला कशाची भीती?"

"कुणाला बोललात?"

"थुंकल्याचं काय गावभर सांगू? लाज नाही का वाटत!"

मग याकोपो. "तू कुणाला सांगितलंस?"

"फक्त तुसिपांना. म्हटलं, सोमवारच्या आत कळेल पणजी माझी की नाही."

"ते काय म्हणाले?"

"तपासणी चुकते का, एवढंच विचारलं. मी म्हटलं, नाही."

तेउइला तुसिपाकडे गेली. त्याची डुकरं फणसाच्या झाडाला दोरीने बांधलेली होती. शेजारी त्यांचं दगडी कुंपण धडधाकट उभं.

"डुकरं बाहेर का?"

"आत चिखल झालाय."

जमीन कोरडी ठणठणीत होती.

"वाईट झालं," तुसिपा उसासा टाकून म्हणाला. "सोसेचं तर नुकसानच. आणि त्या पोराचंही. हाडं गेली, आता तपासणी कशाची करणार?"

तेउइला उठली आणि सरळ कुंपणात शिरली.

दुपारी सोसेच्या अंगणात गाव जमलं. मधे हाडांचं एक गोणपाट होतं. डुकरांच्या घाणीखालून काढलेलं ते गोणपाट बघून बायकांनी हाताने नाकं झाकली, आणि सोसे मात्र त्याच्यावर हात ठेवून बसली.

"सगळ्यांना वाटलं, कोर्टाने थडगं बघू नये म्हणून कुणीतरी हे केलं," तेउइला म्हणाली. "मग याकोपोच चोर ठरतो. पण याकोपोला तेल ओळखता येत नाही. आणि तपासणी थुंकीवर होते, हे त्याला माहीत आणि मावशीला माहीत. हाडांवाचून तपासणी अडेल असं कुणाला वाटेल? ज्याने तपासणीचं नुसतं ऐकलंय, त्याला. आणि त्या तपासणीला घाबरेल कोण? ज्याला निकाल आधीच ठाऊक आहे तो. निकाल फक्त खोटं नातं रचणाऱ्यालाच ठाऊक असणार."

ती तुसिपाकडे वळली.

"वक्तेबुवा, तुमच्या लेखी वंश हाडांत असतो. तुम्ही उगाच खोदलंत."

तुसिपाची काठी गळून पडली. "सोसेनंतर घर कुणाचं होणार होतं? या पोराच्या नावे झालं असतं, तो परत गेला की मी सांभाळलं असतं. समुद्रालगतची जागा..." तो पुटपुटला. "मी तेल लावलं होतं. नीट लावलं होतं."

"आणि मग डुकरांखाली टाकलंत. शी! आदर नव्हता तो, नुसती भीती होती."

याकोपोने विचारलं, "म्हणजे माझा आजोबा?"

"मला काय ठाऊक तुझा आजोबा कोण," तुसिपा म्हणाला.

तक्रार नोंदली गेली. दुसऱ्या दिवशी तुसिपा डोक्यावरून बारीक विणीची मोठी चटई ओढून सोसेच्या अंगणात येऊन बसला. गुन्हेगाराने असं बसायचं. घरच्यांनी चटई उचलली की माफी मिळाली. ऊन चढलं. लोक सोसेला विनवू लागले, "उठा मावशी, भाजतोय माणूस."

सोसे उठली आणि तिने चटई ओढली. गावाने सुटकेचा निःश्वास टाकला, कुणीतरी भजन सुरू केलं.

तुसिपाकडे न बघता तिने चटई नेऊन धुतलेल्या हाडांशेजारी पसरली.

"माफी कसली? आईला गुंडाळायला हवी होती."

अंगणाच्या कडेला याकोपो बॅग घेऊन उभा होता. विमानाला निघालेला, निरोप कसा घ्यावा ते न कळणारा.

"अरे, तू कुणाचा ते नंतर शोध," सोसे म्हणाली. "आधी हे टोक धर."

त्याने बॅग खाली ठेवली. तुसिपा उन्हात तसाच बसून राहिला. त्याच्याकडे कुणी बघितलं नाही.