उलटं पान

"मी मेलेय, ताई. कुनी मारलं ते शोधा," असं म्हणत सोनाबाईंनी टेबलावर कागद ठेवला, आणि पोपटच्या हातातला चहा सांडला.

काळ्या चौकटीतलं उत्तरकार्याचं पत्र. कोपऱ्यात पिंपळाचं पान, टोक वर. मधे सोनाबाईंचा मिटल्या डोळ्यांचा फोटो. कार्याची तारीख येत्या सोमवारची!

"निजले होते तवा काढलाय. उशी माझीच हाय. दर सोमवारी उंबऱ्यावर येतंय, हे तिसरं. पयली दोन वाचून फाडली. दुखाचं पत्र घरात ठेवत नाय ना! घरात लेक, सून, आन् शेजारचा पुतण्या निलेश येऊन-जाऊन. सून म्हनते, नेरळच्या फ्लॅटवर चला. मला घर सोडायचं नाय, पन लई भ्या वाटतं."

कर्जतच्या खासगी डिटेक्टिव्ह सुप्रिया ठोंबरे लगेच उठल्या. मदतनीस पोपट डोक्यानं जरा मंद, पण रिक्षा त्याची होती.

कशेळ्यात निलेशचं छपाईचं दुकान. पोपट दारातूनच ओरडला, "पान तुझंच हाय!"

"हायच! काकूच्या घरचे सगळे कागद मीच करतो. तेच पान, तेच अक्षर, तीच चौकट. लांबून कळावं, कागद त्या घरचा. पन हे मी नाय केलं, आईशपथ!"

"काका गेले तेव्हाचं पत्र दाखव," सुप्रिया म्हणाल्या.

निलेशनं कॉम्प्युटरवर उघडलं. तिथंही तेच पान, पण टोक खाली.

घरी लेक साईराज चिडला. "बाबांच्या पत्राचं प्रूफसुद्धा मी तपासलंय. आईशी असलं करीन मी?"

त्याची बायको रिया म्हणाली, "सासरे गेल्यावर दोन वर्षांनी आले मी. मला तुमची पत्रं काय ठाऊक?" तिच्यामागे भिंतीवर लग्नपत्रिका फ्रेम करून लावली होती. पानाचं टोक वर.

सुप्रियांनी निलेशलाही बोलावून घेतलं.

"निलेश प्रत्येक कागदावर तेच पान वापरतो, फक्त दुखवट्यात ते उलटं करतो. हे त्याला माहीत, प्रूफ तपासणाऱ्या साईराजला माहीत. या पत्रातलं पान मात्र लग्नाचं. करणाऱ्यानं या घरचं दुःखाचं पत्र कधी पाहिलंच नव्हतं, कारण ते फाडून टाकतात."

"म्हणजे निलेशच!" पोपट म्हणाला.

"गप रे, पोपट. रिया, बोल."

रिया रडू लागली. "मी त्यांना काही करणार नव्हते. घाबरून नेरळला याव्यात, हे घर विकता यावं, एवढंच."

सोनाबाईंनी पत्रातल्या फोटोवर बोट ठेवलं. "माझ्या उशाशी उभी ऱ्हायलीस गं, मी मेल्यावर कशी दिसंन ते बघत?"

सोनाबाईंनी पत्र उचललं, शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं आणि फाडलं.

"सोमवारी मी हितंच हाय. नेरळला तू जा."