बटणावरची लाल बोटं

"कुंकूच हाय ते," किसनराव म्हणाले. "नीलाबाईनंच बटन दाबलं. सांजेपर्यंत कबूल करावं, न्हाईतर तिचं काम बंद."

जवळा बाजारातल्या हळद कारखान्याचे ते मालक. काल दुपारी कोणीतरी सर्व्हर बंद केला, वजनकाटा अडला आणि फाटकाबाहेर गाड्यांची रांग लागली. धंद्यातल्या कोणीतरी आपला माणूस फोडला, या संशयाने त्यांनी हिंगोलीहून उमैमाला बोलावलं होतं. ती रसायनशास्त्र शिकून खासगी तपासाच्या व्यवसायात पडली होती.

तिला सगळं दाखवायचं काम सोमेश्वरकडे आलं. कारखान्याचे संगणक तो एकटा सांभाळायचा. हंगाम लागल्यापासून घरी जायचा तो फक्त आंघोळीला. नीलाबाईचं काम जाणार, हे त्याने ऐकलं. पण दुसऱ्या गावातली बातमी ऐकावी तसं.

सर्व्हरच्या खोलीतही हळदीची धूळ होती. बटणावरच्या पिवळ्या थरात दोन लाल बोटं उमटली होती.

"तुम्ही तेव्हा कुठे होता?"

"इथंच. टेबलावर डोकं टेकून झोपलो होतो."

"जाग कशाने आली?"

"आपोआप. मोबाईल दिसेना. माझ्याच टॉवेलात गुंडाळून कोणीतरी कपाटात ठेवला होता."

"फार वाजतो का?"

"सर्व्हर तापला, जागा भरली, की तोच मेसेज पाठवतो. सारखं चालू राहतं."

"आणि अडलेल्या गाड्यांचे हॉर्न?"

सोमेश्वरने आठवून पाहिलं. "एकही नाही वाजला."

उमैमाने मान हलवली. का, ते त्याला कळलं नाही.

साफसफाई करणारी नीलाबाई तावातावानेच आली. कपाळावर चिकटवायची टिकली होती. "कुंकू म्हणे! माझ्या घरात कुंकवाची डबी बी न्हाई. आन् मशिनीला मी फडकं लावत न्हाई, या साहेबानंच सांगितलंय."

काट्यावरच्या रत्नपालची बोटं शिक्क्याच्या शाईने लाल होती. "मशीन बंद पडली की मलाच सगळं हातानं लिहावं लागतं. मी काहून बंद करू? हात मोडून घ्यायची हौस हाय का, ताई?"

फाटकावर चाँद पाशा तळहातावर तंबाखू मळत उभे होते. "माझ्या इशाऱ्याबिगर गाडी आत येत न्हाई, बेटा."

"सर्व्हरच्या खोलीत जाता का, चाचा?"

"चहा घेऊन जातो ना. हे लेकरू उपाशीच बसून राहते."

उमैमाने एक लिंबू मागवलं आणि सगळ्यांना सर्व्हरच्या खोलीत बोलावलं. लाल बोटांवर तिने एक थेंब पिळला. लाल पिवळं झालं.

"शिक्क्याची शाई लिंबाने अशी पिवळी होत नाही," ती म्हणाली. "नीलाबाई कुंकू लावतच नाहीत. हळदीला चुना लागला की ती लाल होते, आंबट लागलं की परत पिवळी. बटणावर चुन्याची बोटं पडलीत."

"चुना काय, अर्धं गाव खाते," किसनराव म्हणाले.

"बराबर. पण नुकसान करायला आलेला माणूस मोबाईल टॉवेलात गुंडाळत बसेल का? त्याला आवाज बंद करायचा होता. आणि रांगेतल्या एकूणएक ड्रायव्हरला गप्प बसवणं फाटकावरच्या माणसालाच जमतं. चुना, चहा, फाटक. हो ना, चाचा?"

चाँद पाशांनी हात सदऱ्याला पुसला आणि सोमेश्वरकडे पाहिलं.

"झोपेत बी दचकून राहिले होते हे. मोबाईल गुंडाळला, तरी कपाटात वाजूनच राहिला. मशीनच बोलावते, असं हेच म्हणले होते एकदा. म्हटलं, जरा मशिनीलाबी निजू द्या. काटा तिच्यावर चालतो, हे मला काय माहीत? मग ड्रायव्हरांना दम दिला, हॉर्न वाजवाल तर आत सोडणार न्हाई." ते नीलाबाईकडे वळले. "बाई, तुझ्यावर येईल असं वाटलं न्हाई. आज सांगायची हिंमतच झाली न्हाई."

"म्हंजे बाईच्या जागी आता पाशाला काढायचं," किसनराव म्हणाले. "काय, सोमेश्वर?"

सोमेश्वरने राग शोधला. मग उपकाराची भावना शोधली. दोन्ही सापडले नाहीत.

"कोणालाच काढू नका. माझ्या जोडीला माणूस द्या. न्हाई दिला तर उद्यापासून मी येत न्हाई."

बोलून झाल्यावर भीती वाटेल म्हणून तो थांबला. वाटली नाही.

नीलाबाईने पुढे होऊन विचारलं, "मालक, मी कामाला लागू का घरी जाऊ?"

"लाग कामाला," ते म्हणाले. "पाशा, फाटकावर जा. आन् तू घरी जा रे, सोमेश्वर. माणूस बघतो मी."

सोमेश्वर निघाला. पाय जड नव्हते, हलकेही नव्हते.