कोठडीतला वाडगा

तुरुंगात चोरी झाली होती.

आता तो तुरुंग राहिला नव्हता म्हणा. हातात काठीही न घेता परक्या सरकारला जेरीस आणणारी माणसं एकेकाळी इथे डांबली होती. हल्ली लोक तिकीट काढून त्यांच्या कोठड्या बघायला यायचे. मावशी आणि तिचा भाचाही त्यासाठीच आले होते. मावशी खासगी गुप्तहेर, भाचा दातांचा डॉक्टर. निदान सुट्टीत तरी मावशी कोणाच्या मागे लागणार नाही, अशी त्याची भाबडी आशा होती.

दुपारी मोठ्या नेत्यांच्या कोठडीतला लाकडी वाडगा नाहीसा झाला आणि आशेवर पाणी पडलं.

"चोर घरातलाच आहे!" व्यवस्थापक रखवालदाराकडे बोट दाखवून म्हणाले. "जेवणाच्या सुट्टीत आवारात हा एकटाच फिरतो. संध्याकाळपर्यंत वाडगा आला नाही, तर याची नोकरी गेली आणि आवारातली खोलीही गेली."

रखवालदाराने हात जोडले. "साहेब, जन्म गेला इथे."

भाच्याला त्याची दया आली. मावशीने शांतपणे पर्समधली बडीशेप तोंडात टाकली. म्हणजे ती कामाला लागली होती.

"फाटकावर कोण होतं?"

"मीच," रखवालदार म्हणाला. "बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाची पिशवी बघतो. वाडगा बाहेर गेला नाही, शपथेवर सांगतो."

"आत शोधलंत?"

"कोठड्या, बाग, सगळं पालथं घातलं. राहिली बायकांची बराक. तिला नुसती कडी असते, पण तिकडे कोण फिरकतंय? कबुतरं तेवढी आहेत."

मग मावशी मार्गदर्शक बाईंकडे वळली. "वाडग्याच्या काठावरच्या दातांच्या खुणांची गोष्ट तुम्हाला कोणी सांगितली?"

"आधीच्या मार्गदर्शकांनी," त्या रडवेल्या होऊन म्हणाल्या. "उपोषणात भुकेच्या कळा सोसताना नेत्यांनी वाडगा चावला, अशी."

सकाळी बाईंच्या फेरीत ती गोष्ट ऐकून भाच्याचे डोळे भरून आले होते. मावशी मात्र दोरीवरून वाकून त्या बारीक बारीक खुणा निरखत राहिली होती. त्यानंतर बाईंनी चळवळीची रीतही सांगितली होती. कायदा मोडायचा तो लपून नाही. आधी सरकारला कळवायचं, मग मोडायचा, आणि गाठोडं बांधून अटकेची वाट बघत बसायचं.

"वाडग्याबद्दल कोणाची तक्रार?" मावशीने व्यवस्थापकांना विचारलं.

"छे! लोक रोज काहीबाही सांगतात. काल एका आजींनी वाट अडवली होती. मी फोनवर होतो, हो हो म्हणून सुटलो."

"फाटकाजवळच्या बाकावर बसल्यात त्याच का?"

"असतील. मी बघितलं नाही."

"मी बोललो त्यांच्याशी," भाचा उत्साहाने म्हणाला. "दुपारपासून बसल्यात. गाठोड्यात पांघरूण आहे, आणि दात घासायचा ब्रश! या वयात इतकी काळजी घेतात, मी कौतुकच केलं."

"शहाणा माझा भाचा!" मावशी हसली. "चला सगळे. आणि आजींनाही बोलवा."

ती त्यांना थेट बायकांच्या बराकीत घेऊन गेली. कबुतरं फडफडली. खिडकीच्या कट्ट्यावर, उन्हाच्या तिरिपेत, वाडगा ठेवलेला होता.



"पिशव्या तपासल्या गेल्या, म्हणजे वाडगा आवारातच होता," मावशी म्हणाली. "आणि शोधायची राहिली होती ती हीच जागा. आता डॉक्टर, काठ बघा. मोठ्या माणसाचे दात एवढे चिमुकले असतात?"

भाच्याने काठावर बोट फिरवलं आणि कानापर्यंत लाल झाला. "दुधाचे दात!"

"रोज लोकांच्या तोंडात डोकावतोस, आणि गोष्ट ऐकून विरघळलास! मोठ्या नेत्यांच्या कोठडीत तान्हं मूल कुठून येणार? ते आईबरोबर इथे असणार. आज ते मूल चांगलं म्हातारं झालं असेल. आता सांग, दिवसभरात परतणारं माणूस पांघरूण आणि ब्रश कशाला आणेल? इथल्या रीतीनं वागणारं माणूस आणेल. काल आधी सांगितलं, आज केलं, आणि अटकेची वाट बघत बसलं."

"किती उशीर केलात!" आजी म्हणाल्या. "बाकीच्यांना पत्र्याची भांडी. मी रांगत होते म्हणून आईनं भांडून हा लाकडी मिळवला. त्याचा काठ कुरतडायचे मी, ती नेहमी सांगायची."

"सफाईत जे सापडलं ते सगळं आम्ही नेत्यांच्याच कोठडीत मांडलं," व्यवस्थापक पुटपुटले.

"मोठे होतेच ते. पण माझी आईही इथेच होती ना? तिच्या खोलीत कोणी पाऊलसुद्धा टाकत नाही, याचं वाईट वाटतं." मग त्या रखवालदाराकडे वळल्या. "याच्यावर आळ आला? अरे, मी तुझ्या डोळ्यांसमोर बसले होते. विचारायचं तरी!"

"आजी, तुमच्या पायाशी बसून मी डबा खाल्ला की!" तो डोळे पुसत हसला.

व्यवस्थापकांनी त्याची माफी मागितली, सगळ्यांदेखत. मार्गदर्शक बाई खिडक्या उघडू लागल्या. उद्यापासून फेरी इथूनच सुरू करायची, असं त्यांनी परस्पर ठरवूनही टाकलं. भाच्याला फार बरं वाटलं.

"पण वाडग्याचं वरच्या साहेबांना विचारावं लागेल," व्यवस्थापक चाचरले. "तोवर तो परत त्या कोठडीत..."

"ठेवा की," आजी गाठोडं सावरत म्हणाल्या. "मी परत उचलीन. आत्ताच सांगून ठेवते."

तेवढ्यात व्यवस्थापकांचा फोन वाजला. त्यांनी तो बंद करून खिशात टाकला. "बसा आजी," ते म्हणाले. "पहिल्यापासून सांगा."