वाकडी पिवळी रेघ

बनारसच्या पंचगंगा घाटाच्या पायऱ्या म्हणजे चालायची जागा नव्हेच, चढायचा कडा. त्यात माघाची सकाळ, आणि कोहरा असा की समोरचा माणूस अंगावर येईपर्यंत दिसू नये. आणि तो अंगावर आलाच.

"अगं बाई!"

ईशानीच्या हातातला खोका निसटला. तो थेट गंगार्पणच व्हायचा, पण त्या अनोळखी तरुणाने हातातलं मातीचं कुल्हड सोडून दिलं आणि दोन्ही हातांनी खोका छातीशी धरला. कुल्हडातली मलइयो, बनारसच्या थंडीतला तो दुधाचा केशरी फेस, त्याच्या निळ्या स्वेटरभर पसरली.

"सॉरी... तुमची मलइयो—"

"जाऊ द्या ती. दौंडहून बदली झाल्यापासून 'अगं बाई' ऐकलं नव्हतं. कान निवले!" त्याने खोका परत दिला, पण लगेच सोडला नाही. "काय आहे यात?"

खरं सांगायची तिला बंदी होती. "मिठाई."

"भलतीच जड आहे. हलवाई दगड घालतो की काय?"

"हळू बोला. बिघडेल."

"बोलण्याने मिठाई बिघडते?" तो इतक्या गंभीरपणे म्हणाला की तिला हसू आवरेना. ती गल्लीत वळली तेव्हा तो स्वेटरवरचा फेस बोटाने चाखत होता. निर्लज्ज कुठला... आणि डोळे मात्र किती छान!

तर त्या खोक्यात होतं वीतभर लांबीचं डिझेल इंजिन. खऱ्या इंजिनाच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शाएवढं, ईशानीने स्वतःच्या हातांनी घडवलेलं. घाटावरच्या वेणीमाधवकाकांकडे दर रविवारी मॉडेलवेड्यांची बैठक भरायची. तिथला रिवाज असा, की नवं मॉडेल अंबिकाकाकूंच्या हाती गुपचूप द्यायचं. त्या ते टॉवेलाखाली झाकून टेबलावर ठेवणार. ज्याला बोलायचं त्याने बोलावं, पण ज्याचं आहे त्याच्या तोंडाला शेवटपर्यंत कुलूप. साऱ्यांचं एकमत झालं तरच इंजिन काकांच्या रुळांवर धावायचं, आणि काकांनी अख्ख्या माडीभर रूळ पसरले होते.

ईशानीला ते धावायला हवं होतं, आणि बाबांना ते बघायला मिळायला हवं होतं. तिचे बाबा, श्रीनिवासराव, शहरातल्या इंजिनांच्या कारखान्यात रंगकाम करायचे. ती लहान असताना कुटुंबांना कारखाना दाखवायचा दिवस होता. तो अजस्र निळा डोंगर बघून तिची बोलतीच बंद झाली होती. बाबांनी तिला खांद्यावर बसवलं, हातात ब्रश दिला आणि म्हणाले, "घे, एवढीशी पट्टी तू ओढ." तिने पिवळी पट्टी ओढायला घेतली, तेवढ्यात शेजारच्या इंजिनाने भोंगा वाजवला. ती दचकली आणि रेघ खाली झुकली. बाबांनी ती पुसली नाही. "राहू दे बेटा, आपली खूण," म्हणाले. ते इंजिन देशभर धावलं आणि मागच्या वर्षी भंगारात निघालं. आता ती खूण जगात फक्त या वीतभर पत्र्यावर उरली होती.

काकूंच्या हाती खोका देऊन ती माडीवर गेली, तर मलइयोवाला तिथेच बसलेला! निमिष. सिग्नल खात्यात इंजिनिअर, बैठकीला दुसऱ्यांदाच आलेला. स्वेटरवर ओला डाग. तिला बघून त्याने भुवया उंचावल्या. "मिठाई?" ओठ नुसते हलले.

"काकूंना दिली," तिनेही तसंच सांगितलं.

काकांनी टॉवेल उचलला. बैठकीतल्या जुन्या मिसिरजींचं पान तोंडातच राहिलं. "अरे बाप रे," ते पुटपुटले, "ई तो अब सीटी मार देगा!"

पण कौतुक किती वेळ टिकणार? जमलेले सगळे हौशी, आणि हौशी माणसाला खोट काढल्याशिवाय घास गिळत नाही. बँकेतला ऋतुराज भिंग घेऊन वाकला. "रिवेट उत्तम. पण भोंगा जरा मागे हवा." विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या प्रभावतीबाईंना भोंगा जागेवर वाटला, पण चाकं फार स्वच्छ वाटली. "नुकतंच न्हाऊन आल्यासारखं दिसतंय," त्या म्हणाल्या. निळा रंग गडद की फिका, यावर दोघांची चांगलीच जुंपली.

आणि मग ऋतुराजचं बोट त्या पट्टीवर थांबलं.

"अरेरे! इतकं केलं आणि इथे हात हलला. पट्टी तिरछी झाली."

"दुधात मिठाचा खडा," प्रभावतीबाई हळहळल्या. "तेवढी सरळ करून आणू दे. मग धावू दे खुशाल."

"सही बात," मिसिरजींनी मान डोलावली.

ईशानीने ओढणीचं टोक मुठीत आवळलं. सरळ करू? मग हे कुठलंही इंजिन होईल... ते होणार नाही! तिला ओरडून सांगावंसं वाटलं, पण तोंडाला कुलूप. रडूच यायला लागलं.

"निमिष, तुझंच मत राहिलंय," काका म्हणाले.

तो बराच वेळ वाकून बघत होता. मघाचा मिश्किलपणा चेहऱ्यावरून पार गेला होता. देवळात गाभाऱ्यासमोर माणूस बोलतो तसा तो हळू बोलला.

"बाकीच्या रेघा बघा. एकही केसभर हललेली नाही. असा हात इथेच कसा हलेल?" त्याने श्वास घेतला. "हा हात हललेला नाही. ही रेघ अशीच होती."

"म्हणजे?"

"मी दौंडला शाळेत असताना हे इंजिन यायचं. हेच! शंभर इंजिनांत मी ते या रेघेवरून ओळखायचो. शाळा बुडवून वाट बघायचो." तो मोबाइल चाळू लागला. "कुणी ओढली असेल, का वाकली असेल, लहानपणापासून विचार करतोय. हा फोटो मामांच्या कॅमेऱ्यातला."

मोबाइल हातोहात फिरला. फोटो धूसर, कडेला कुणाचं तरी डोकं, पण निळ्या अंगावरची पिवळी पट्टी त्याच जागी, तशीच झुकलेली. ऋतुराजने भिंगातून फोटो पाहिला, मग मॉडेल, मग पुन्हा फोटो. त्याने मुकाट्याने भिंग खाली ठेवलं.

"ज्याने हे केलं," निमिष म्हणाला, "त्याला सांगा, त्या रेघेला हात—" बोलता बोलता त्याची नजर ईशानीकडे गेली. तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं, आणि ओठ मात्र घट्ट मिटलेले. त्याचं वाक्य तिथेच राहिलं.

"एकमत?" काकांनी विचारलं. सगळ्यांनी हात वर केले, ऋतुराजने सगळ्यांत आधी.

कुलूप निघालं. पण बोलायचं सोडून ईशानीने आधी बाबांना व्हिडिओ कॉल लावला. काकांनी बटण फिरवलं. इवलासा दिवा लागला, इंजिन घुमलं आणि माडीच्या कडेकडेने, चिमुकल्या पुलावरून, दिमाखात निघालं. वीतभरच होतं ते, पण सगळे श्वास रोखून मागे सरले, खरंच एखादी गाडी येत असल्यासारखे. मोबाइलमधून बाबांचा घोगरा आवाज आला, "बेटा... आपली खूण!" मग ते नुसते बघत राहिले.

जिन्यात निमिषने तिला गाठलं. "मिठाई फार सुंदर होती."

"तुम्हाला आधीच कळलं होतं?"

"शपथ, नाही. मी खरंच मिठाई समजलो होतो. बोलताना तुमच्याकडे बघितलं आणि कळलं. रेघ बाबांची?"

"माझी," ती म्हणाली. मग तिने त्याला खांदा, ब्रश आणि भोंगा, सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला. जिच्या रेघेची त्याने लहानपणभर वाट पाहिली, ती पायरीवर उभी राहून त्याच्याशी बोलत होती! हे त्याच्या चेहऱ्यावर इतकं स्वच्छ दिसत होतं की ईशानीलाच लाजल्यासारखं झालं.

पुढच्या रविवारी त्याने स्वतःचं इंजिन आणलं, शाळेत असताना केलेलं. तेच, पण पट्टी सरळ.

"तेव्हा लोक हसतील म्हणून घाबरलो आणि सरळ केली," तो म्हणाला. "आजवर टोचतंय. तुम्हीच वाकडी करून द्या."

काकांच्या गच्चीवर ऊन कोवळं होतं. कोहरा विरत होता आणि राजघाटच्या पुलावरून एक गाडी चालली होती. त्याने पट्टीचा तेवढा तुकडा खरवडून आणला होता. त्याने इंजिन धरलं, तिने ब्रश. एकदा ओढली, सरळ. पुसून पुन्हा ओढली. तरीही सरळ!

"इतकी वर्षं हात स्थिर करण्यातच घातली ना मी," ती वैतागली. "ठरवून वाकत नाही हो. तेव्हा दचकले होते."

"मग मी भोंगा वाजवू?"

"वाजवा!" ती हसली आणि पुन्हा वाकली. ब्रश टेकला. पिवळी रेघ निघाली, सरळ, सरळ...

"ईशानी," तो अगदी हळू म्हणाला, "मला तुम्ही फार आवडता. जन्मभर आवडाल."

रेघ खाली झुकली. नेमकी तिथेच, अगदी तेवढीच.

दोघंही श्वास रोखून तिच्याकडे बघत राहिले. ओला रंग उन्हात चमकत होता.

"पुसायची?" त्याने घाबरत विचारलं.

"हात तर लावून बघ!" ती म्हणाली. आणि मग, इंजिन धरलेल्या त्याच्या बोटांवर आपली रंगाने माखलेली बोटं ठेवत, "मलाही आवडतोस रे... वाळू दे ती."