वाऱ्याचा डोळा

तो परका तरुण फाटकाशी उभा राहून बराच वेळ थर्झाच्या घराच्या भिंतीकडे टक लावून पाहत होता. दुधाची बादली घेऊन ती गोठ्यातून बाहेर आली, तशी त्याने घाईघाईने टोपी काढली आणि बोट दाखवून विचारलं, "माफ करा... तुम्ही याला काय म्हणता?"

थर्झाने बोटाच्या दिशेने पाहिलं. मग त्याच्याकडे. चेहरा तर शहाण्या माणसाचा होता!

"विंडो," ती म्हणाली. "तुमच्याकडे घरांना नसतात वाटतं?"

तो लाजला, थेट कानांच्या पाळ्यांपर्यंत. आणि लाजणारा पुरुष थर्झाने यापूर्वी पाहिला नव्हता.

त्याचं नाव रोलंड पेल. विद्यापीठाच्या कामासाठी यॉर्कशायरच्या खोऱ्याखोऱ्यांतून फिरून तो म्हाताऱ्या शेतकऱ्यांच्या तोंडचे शब्द गोळा करत होता. जवळ तेराशे प्रश्नांची वही आणि दोन कडक नियम. शब्द आपण उच्चारायचा नाही. वस्तू दाखवायची आणि समोरच्याच्या तोंडून काढून घ्यायचा. आणि पहिलं येईल ते उत्तर लिहायचं, मग खोडायचं नाही. थर्झाच्या वडिलांना, किट ऑल्डरसनना, इतकं मन लावून ऐकणारा माणूस जन्मात भेटला नव्हता. "पोरा, उद्या पुन्हा ये," ते म्हणाले, आणि रोलंड रोज चहाच्या वेळी येऊ लागला.

थर्झा केकवर चीजचा तुकडा ठेवून बशी पुढे सरकवायची. तो बशीही बोटाने दाखवायचा.

"बाबा, सांगू नका हं! आधी त्यांना खाऊ द्या." मग त्याच्याकडे वळून, "मिस्टर पेल, साध्या विंडोत एवढं काय आहे हो? दुकानाची विंडो, लिफाफ्याची विंडो... शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे."

रोलंडने पेन खाली ठेवलं. "ठाऊक आहे... पण ऐकलाय का कधी तो शब्द? पूर्वी काच नव्हती, भिंतीत नुसतं भोक. इथल्या लोकांचा त्याला वेगळाच शब्द होता. मग हजार वर्षांपूर्वी समुद्रापलीकडून माणसं आली, होड्या घेऊन. तुमच्यासारखेच पिंगट केस असतील त्यांचे..."

"केसांचं राहू द्या. पुढे?"

"ती त्या भोकाला म्हणायची, विंद-आउगा. विंद म्हणजे वारा. आउगा म्हणजे डोळा. इथला शब्द मेला, त्यांचा राहिला. तुमच्या आईच्या तोंडून तुमच्या तोंडात आला."

थर्झाच्या हातातली किटली हवेतच राहिली. वाऱ्याचा डोळा! रोज पुसते ती काच, रोज कुरकुर करते, आणि हजार वर्षांपूर्वीची कुणी बाई असाच शब्द उच्चारून बाहेर समुद्राकडे पाहत असेल... तिच्या अंगावर सरसरून काटा आला. तिने तो शब्द हळूच पुन्हा म्हणून पाहिला. देवळात बोलावं तसा.

"मग माझ्या खोलीतला डोळा आंधळाच म्हणायचा," ती म्हणाली. "खिडक्यांवर सरकारी कर होता तेव्हा तो चुकवायला खापरपणजोबांनी दगडांनी बुजवला."

"तो कर जाऊन शंभर वर्षं झाली! उघडला का नाही?"

"आमच्याकडं बुजवलेलं कुणी उघडत नाही, पोरा," किट म्हणाले. "कुणी विषयच काढत नाही."

शुक्रवारी वही संपली. उद्या दहाच्या बसने रोलंड पुढच्या खोऱ्यात जाणार होता, आणि तिथून कुठे, कोण जाणे. दारात तो टोपी फिरवत राहिला. थर्झा वाट पाहत राहिली.

"मिस ऑल्डरसन, मला... तुमचा केक फार आवडला," तो म्हणाला, आणि गेला.

थर्झाने दार धाडकन लावलं. तेराशे प्रश्न विचारले मेल्याने, आणि एक विचारता आला नाही! रडू तर येतच होतं. पण रडत बसणाऱ्यांतली ती नव्हती.

सकाळी दूध काढून झाल्यावर तिने चुलीतली लोखंडी सळई उचलली आणि माडीवर आपल्या खोलीत गेली. जुना चुना भुसभुशीत झाला होता. एक दगड हलला, निघाला, मग दुसरा... आणि शंभर वर्षं अडून राहिलेला वारा तिच्या तोंडावर आला. सगळं खोरं समोर होतं, ओलं, हिरवं, आणि खाली रस्त्यावर बॅग घेतलेला एक माणूस.

"ए रोलंड!"

तो थबकला. या खोऱ्यात अरे-तुरे फक्त आपल्या माणसाला करतात, हे त्यानेच वहीत लिहून घेतलं होतं. तो धावत फाटकाशी आला.

थर्झाने चुन्याने माखलेला हात छातीवर ठेवला. "याला काय म्हणतात?"

"क...कशाला?"

"मी नाव घेणार नाही. नियम तुझाच आहे."

"पोरी, घर पाडतेस की काय?" गोठ्यातून किट ओरडले.

वळणावर बसचा आवाज आला. रोलंडने तोंड उघडलं, मिटलं. खोऱ्याखोऱ्यांतले शब्द ज्याच्या बॅगेत होते, त्याला ऐन वेळी एकच सापडला.

"थर्झा," तो म्हणाला. आणि स्वतःच दचकला. "नाही, म्हणजे... मला म्हणायचं होतं..."

"खोडायचं नाही!" ती वरून हसत ओरडली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते तिने पुसलंही नाही. "पहिलं उत्तर! लिही!"

त्याने बॅग ओल्या गवतात ठेवली आणि वही काढली. बस आली, थांबली, निघून गेली. तो अजून लिहीत होता.