सचिवांचा नकार

राज्य संरचना केंद्राच्या नियंत्रणकक्षात मृणालिनी तेंडोलकर लाल विरामकळीसमोर हाताची घडी घालून उभ्या होत्या. सगळ्या सरकारी खात्यांना जोडणारी 'एकवाट' ही संगणकप्रणाली त्यांनीच आखलेली. एका दाखल्यासाठी माणसांना मारावे लागणारे हेलपाटे तिने बंद केले होते. बाईंना तिचा अभिमान होता आणि तो त्या लपवायच्याही भानगडीत पडत नसत.

"आज विराम नाही," नवे सचिव गौतम शेजवळ म्हणाले. "मंत्रिमहोदय दिवसभर तालुक्यातालुक्यांशी पडद्यावरून बोलणार आहेत. तुमच्या हौसेपायी अख्खं राज्य पाव तास ठप्प करायचं?"

"हौस नाही, सर. एकवाट स्वतःची छाटणी स्वतः करते. जी पायरी वर्षभरात एकदाही निकाल बदलत नाही, ती निरुपयोगी समजून गाळते. शेकडो सह्या अशाच गेल्या. ही कळ वर्षभर दाबली नाही, तर तीही जाईल. मुदत आज संपते. उद्या प्रणाली चुकली, तर थांबवायची कशी?"

"मग हिला तेवढी सवलत द्या."

"सवलत प्रत्येक साहेबाला हवी होती. एकाला दिली असती, तर सह्यांची रांग पुन्हा दारात उभी राहिली असती. म्हणून कुणालाच ठेवली नाही. मलासुद्धा."

शेजवळांना पटत होते. पण मंत्र्यांपुढे काळा पडदा? "माझा नकार आहे," ते म्हणाले आणि तो नोंदवायला स्वतःच पडद्याकडे वळले. विरामाच्या पानावर सचिवांच्या परवानगीची चौकटच नव्हती.

"माझी परवानगी कुठे गेली?"

"गळली. तुमच्या आधीच्या साहेबांनी विरामाला कधी नाही म्हटलंच नाही. निकाल बदलत नव्हता."

"पण मी आज नाही म्हणतोय!"

"मला ऐकू आलं, सर. तिला ऐकू जायला वाट नाही."

"मग मला विचारलंत तरी कशाला?"

"रीत आहे. ती प्रणालीत नाही, म्हणून अजून शाबूत आहे."

शेजवळांचा चेहरा लाल झाला. आपल्या शब्दाची किंमत एका यंत्राने शून्य केली, हे त्यांना फार झोंबले. "माझा अधिकार परत बसवा. आत्ताच्या आत्ता."

"बसवते. पण गाळलेली पायरी चालत्या प्रणालीत बसत नाही. आधी ती थांबवावी लागते."

शेजवळ कळीजवळ गेले. मग त्यांनी मंत्र्यांच्या स्वीय सहायकाला फोन लावला, "पाव तास चहा घ्या," म्हणाले आणि स्वतःच्या हाताने कळ दाबली.

पडदे विझले. तालुक्यातालुक्यांत कारकुनांनी पेन काढले आणि दाखले हाताने लिहायला घेतले. एकाही खिडकीवरचा माणूस परत गेला नाही. मृणालिनीबाईंचा ऊर भरून आला. त्यांनी सचिवांची चौकट जागेवर बसवली आणि प्रणाली पुन्हा सुरू केली.

"झालं, सर. फक्त वर्षातून एकदा तरी खरोखर नाही म्हणत जा. नाहीतर पुन्हा गळेल."